कॉइलमध्ये राहून गेलेल्या सात बादल्या

दि. २३ डिसेंबर, सोमवार, सकाळी १०.४० वा.

मी निसार अहमद गोजवारी, वडिलांचे नाव गुलाम हसन गोजवारी, वय ५१ वर्षे, धंदा नोकरी, खाजगी इस्पितळात थंड-गरम हवेच्या यंत्रांवर फोरमन, राहणार रैनावारी, श्रीनगर.

समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणी बोलावणे पाठवलेले नाही, मी आपण होऊन आलो आहे. काल दुपारी तीनच्या सुमारास या ठाण्याच्या गाडीतून आमच्या इस्पितळातले मोहम्मद सुलतान हकाक, वय ५९, यांना आणले. कुलूप तोडणे, यंत्राशी छेडछाड करणे आणि इस्पितळाला आग लावण्याचा प्रयत्न करणे, अशी तीन कलमे त्यांच्यावर लावायची चालली आहेत असे कळले. कुलूप त्यांनी तोडले, हे खरे आहे. यंत्राला हात लावला, तो ते बावीस वर्षे लावत आले आहेत. आग त्यांनी लावलेली नाही. शिवाय काल त्यांनी स्वतःच्या जबाबात, "कॉइलचे पाणी काढायचे काम माझ्याकडे होते आणि मी म्हातारा माणूस विसरलो," असे लिहून दिल्याचे हा जबाब लिहून घेणाऱ्या मुन्शीजींनी मला आत्ता सांगितले. ते खोटे आहे. काम माझ्याकडे होते. मी ते अर्धे केले, पुरे केले म्हणून सही ठोकली आणि निघून गेलो. एवढे सांगण्यासाठीच आलो आहे. बाकी जे विचाराल ते सांगेन.

सुलतानकाकांची नोकरी या महिन्याच्या ३१ तारखेला संपते. आमच्याकडे माणूस निवृत्त झाला की गळ्यात हार घालून, गाड्यांची रांग काढून त्याला घरापर्यंत सोडायची रीत आहे. ती तयारी माझ्याकडे होती, मी तीन गाड्या सांगूनही ठेवल्या होत्या. काल त्यांना नेले ते या ठाण्याच्या गाडीतून, आणि गल्लीतल्या सगळ्यांनी ते पाहिले. गुन्हा नोंदला गेला तर हारही नाही आणि गाड्याही नाहीत. मी पाहतो त्या एकोणतीस वर्षांत ज्याने कधी उशिराची सही केली नाही, तो माणूस इस्पितळ जाळणारा म्हणून घरी जाईल. माझ्या चुकीपायी हे व्हावे, असे मला वाटत नाही.

विचारल्यावरून सांगतो की, कॉइल म्हणजे काय. इस्पितळाच्या गच्चीवर एक खोली आहे. खाली शस्त्रक्रियेचा कक्ष आहे, त्याला लागणारी हवा बाहेरून ओढून, गाळून, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात गरम करून खाली सोडणारी पेटी त्या खोलीत आहे. पेटीच्या पोटात तांब्याच्या नळ्यांची एक चौकट उभी आहे. नळ्या आडव्या, नागमोडी, एकीतून दुसरीत वळत गेलेल्या. उन्हाळ्यात त्यांतून थंड पाणी फिरते, हवा त्यांना घासून गार होते. हीच थंड पाण्याची कॉइल. हिवाळ्यात तिला काम नसते. पण आत पाणी राहिले तर ते गोठते, गोठले की फुगते आणि तांबे फाडते. फाटलेली नळी हिवाळाभर कुणाला कळत नाही. एप्रिलमध्ये पाणी सोडले की खालच्या ऑपरेशनच्या टेबलावर धार लागते. मग नवी कॉइल डोंगर ओलांडून येईपर्यंत तीन-चार महिने तो कक्ष बंद.

ही कॉइल बावीस वर्षांपूर्वी ट्रकमधून बनिहालच्या घाटावरून आली तेव्हा सुलतानकाकांनीच ती बसवली. ते तिला सून म्हणतात. म्हणतात, मैदानातली पोर आहे, तिला आपली थंडी काय ठाऊक, हिवाळ्यात तिच्या अंगावर काहीतरी घालायला हवे. आम्ही हसायचो. एकदा त्यांनी खरेच बायकोचे जुने फेरन, म्हणजे आमच्याकडचा पायघोळ लोकरी झगा, आणून पेटीच्या हवेच्या तोंडाशी टांगले. इस्पितळाच्या जुन्या मालकांनी विचारले, हे काय. काका म्हणाले, "साहेब, सुनेला पहिला हिवाळा आहे." तो तिचा नववा हिवाळा होता.

पाणी काढायची त्यांची पद्धत अशी. दोन्हीकडचे वॉल्व बंद करायचे. खालचा नळ उघडायचा, आणि वरचा छोटा स्क्रूही उघडायचा, म्हणजे वरून हवा आत शिरते. पाणी थांबले की कॉम्प्रेसरची नळी लावून फुंकायचे. मग चहा प्यायला जायचे. परत येऊन पुन्हा फुंकायचे, कारण आडव्या नळ्यांच्या पोटात पाणी दडून बसते आणि जरा वेळाने खाली उतरते. असे तीनदा. शेवटी मोटारीच्या रेडिएटरमध्ये टाकतात तसले न गोठणारे हिरवे पाणी आत खेळवून काढायचे. पूर्ण दिवस जातो. ते चहाला किती वेळा जातात यावरून मी त्यांना चिडवत आलो आहे. मी म्हणायचो, "काका, कॉइल कमी आणि तुम्हीच जास्त रिकामे होता." ते म्हणायचे, "निसारा, तुझ्या डोक्यात फुंकर मारली तर एका झटक्यात रिकामं होईल, कॉइलला वेळ लागतो."

१ डिसेंबरपासून यंत्रांची देखभाल नव्या कंत्राटदाराकडे गेली. त्यांचे व्यवस्थापक मुदस्सिर दराबू, वय अंदाजे ३२, शिकलेले आणि बोलायला गोड आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, एवढेच की गच्चीवर न चढता गच्चीची कामे वाटायची त्यांना सवय आहे, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी. त्यांनी छापील कागद आणले. सुलतानकाकांना तळघरातल्या बॉयलरवर घातले आणि कॉइलचे पाणी काढायचे काम माझ्या नावावर टाकले. कागदावर एकच चौकोन होता: कॉइल रिकामी केली, होय किंवा नाही. तीनदा फुंकण्याचा चौकोन नव्हता. हिरव्या पाण्याचाही नव्हता. गच्चीवरच्या खोलीला त्यांनी नवे कुलूप लावले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली.

आता गुरुवार, दि. १९ डिसेंबरचे सांगतो. माझी मुलगी इशरत हिचे लग्न सप्टेंबरमध्ये सोपोरला झाले. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मुलीच्या सासरी हरीसा, म्हणजे रात्रभर शिजवून घोटलेले मटण, पाठवावा लागतो. न पाठवून चालत नाही, आणि गार झालेला पाठवला तर त्याहून वाईट. आली कदलच्या हरीसावाल्याकडे मी आमचे तांब्याचे भांडे चार दिवस आधी देऊन ठेवले होते. सकाळी सहाला ते भरून आणले आणि दोन रजयांत गुंडाळून भाड्याच्या गाडीत ठेवले. दहाच्या आत सोपोरला पोचायचे होते, आणि कॉइलचे काम त्याच दिवशी पुरे करण्याची ताकीद होती. सात वाजता मी गच्चीवर गेलो. दराबूंनी किल्ली आदल्या संध्याकाळीच दिली होती.

मी काय केले ते नीट लिहून घ्यावे. दोन्ही वॉल्व बंद केले. खालचा नळ उघडला. वरचा स्क्रू उघडला नाही. शिडी खाली राहिली होती, ती आणायला दोन मजले उतरावे लागले असते. पाणी आले. चार बादल्या भरल्या, पाचवी लावली तेव्हा धार आटली. मी म्हटले, झाले. आपण सगळे चिल्ले कलानच्या, म्हणजे कडाक्याच्या चाळीस दिवसांच्या, आधी घरी हेच करतो, मुख्य नळ बंद करायचा, खालची तोटी उघडायची, धार थांबली की नळ रिकामा. कॉइलही मी घरच्या नळासारखीच समजलो. वरून हवा मिळाली नाही तर पाणी आत अडून राहते, भरलेल्या नळीच्या वरच्या टोकावर बोट दाबले की खालून थेंब पडत नाही तसे. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. काकांनी हे मला माझ्या बाविसाव्या वर्षी शिकवले. खाली गाडीवाला भोंगा वाजवत होता. मी नळ बंद केला, होय या चौकोनात खूण केली, सही केली, कागद दाराच्या आतल्या चिमट्याला अडकवला, किल्ली दराबूंच्या टेबलावर ठेवली आणि सात चाळीसला निघालो.

हरीसा गरम पोचला. इशरतच्या सासूबाईंनी झाकण उघडून वाफ निघालेली पाहिली आणि शेजारणीलाही दाखवली. मी त्या दिवशी फार खूश होतो.

शनिवारी, दि. २१ रोजी, चिल्ले कलान सुरू झाले. रविवारी शस्त्रक्रिया नसतात, म्हणून तेल वाचवण्यासाठी शनिवारी संध्याकाळी बॉयलर बंद करण्याचा हुकूम दराबूंनी दिला. सुलतानकाकांनी तो पाळला. बॉयलर बंद म्हणजे पेटीतली गरम पाण्याची कॉइल बंद; तिच्यात कायम हिरवे पाणी असते, म्हणून ती स्वतः गोठत नाही. आणि बाहेरच्या हवेची झडप जुनी आहे, तिला फट आहे. म्हणजे त्या संध्याकाळपासून गच्चीवरची हवा सरळ आमच्या सुनेच्या अंगावर येत होती.

रविवारी सकाळी अकराला मी घरी होतो. सुलतानकाकांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"काय रे, सोपोरची वरात परत आली का?"

मी म्हणालो, "आली. सासूबाईंनी वाडगाभर परत पाठवलाय, तुमच्यासाठी ठेवलाय."

"ठेव. निसारा, एक सांग. गुरुवारी बादल्या किती निघाल्या?"

मी म्हणालो, "मोजल्या कुणी? चार असतील."

ते म्हणाले, "अकरा निघतात."

मी म्हणालो, "काका, मी येतो."

ते म्हणाले, "कशाला? रविवार आहे. बायकोजवळ बस. पोटातला हरीसा जिरव आधी." आणि फोन ठेवला.

मी गेलो नाही. हे मला लिहून हवे आहे. मला कळले होते. मी फेरन घातले, बूट घातले, आणि मग ते सांगतील तसे करू म्हणून परत बसलो. बायकोने विचारले, कुठे निघालात. मी म्हणालो, कुठे नाही.

पुढची हकीकत मी पाहिलेली नाही. फाटकावरचा चौकीदार रमजान शाल्ला याने मला सांगितली, तशी सांगतो. त्याचा जबाब वेगळा घ्यावा.

सुलतानकाकांनी किल्लीसाठी दराबूंना चार फोन केले. दराबू एका लग्नात होते, उचलला नाही. साडेअकराला काका पाइपाचा पाना घेऊन, रमजानला सोबत नेऊन गच्चीवर गेले आणि कुलूप तोडले. पेटीचे झाकण उघडले तर नळ्यांच्या वळणांवर पांढरे हिम धरले होते आणि आतून टिक टिक आवाज येत होता. रमजान म्हणतो, काका तिथेच खाली बसले, कान लावून ऐकले आणि म्हणाले, "अजून फाटली नाही. दम धरून आहे पोर."

विचारल्यावरून सांगतो की, विजेचा हीटर का लावला नाही. आमच्या भागात सकाळी नऊ ते एक वीज नसते, आणि इस्पितळाचा जनरेटर त्या खोलीला जोडलेला नाही. बॉयलर का पेटवला नाही, तर गार बॉयलरमधून गच्चीपर्यंत ऊब पोचायला तीन तास लागतात, तेवढा वेळ नव्हता. गॅसची ज्योत का लावली नाही, तर नळ्यांचे जोड डागलेले असतात, ज्योतीने बर्फाच्या आधी जोडच सुटतात. मंद ऊब हवी, आणि तीही उघड्या नळाच्या बाजूने, खालून वर, म्हणजे वितळलेल्या पाण्याला जायला वाट मिळते. मधेच ऊब दिली तर दोन्हीकडे बर्फ आणि मधे कोंडलेले पाणी, आणि नळी फुटतेच. मंद ऊब देणारी वस्तू आमच्याकडे प्रत्येकाच्या फेरनखाली असते, ती म्हणजे कांगडी, वेताच्या टोपलीत बसवलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे. काकांनी स्वतःची कांगडी काढून पेटीत ठेवली. मग रमजानची मागितली.

दोन कांगड्यांनी भागेना. इस्पितळात कांगडी न्यायला बंदी आहे, म्हणून भेटायला येणारे आपली कांगडी फाटकावर रमजानकडे ठेवतात आणि तो बिल्ला देतो. रविवारी गर्दी असते. काकांनी त्या फळीवरच्या नऊ कांगड्या दोन फेऱ्यांत वर नेल्या. रमजान म्हणाला, "काका, लोक मागतील तर मी काय देऊ?" काका म्हणाले, "बिल्ला दाखव आणि सलाम कर."

त्यांनी बाहेरच्या हवेची झडप घोंगड्यांनी बुजवली, खालचा नळ आणि वरचा स्क्रू उघडला आणि अकरा कांगड्या खालून वर अशा सरकवत राहिले. वाळूची बादली शेजारी होती. खोलीचे दार उघडे होते. तरीही सांगतो की हा मार्ग बरा नव्हे. इस्पितळात निखारे नेणे चूक आहे आणि मी कुणाला तसे करायला सांगणार नाही. काकांनाही ते ठाऊक होते. म्हणून रमजान म्हणतो तसे कांगड्या वर नेल्यानंतर ते पेटीसमोरून उठले नाहीत, लघवीलाही नाही.

साडेबारानंतर लोक बिल्ले घेऊन कांगड्या मागायला आले. रमजानने सलाम केला. त्याने काम झाले नाही. बांदीपोराच्या जाना बेगम, वय साठीच्या पुढे, यांच्या मुलाचे शुक्रवारी पोटाचे ऑपरेशन झाले आहे. त्यांची कांगडी चरार गावची, रंगीत काड्यांनी विणलेली, त्यांना लग्नात मिळालेली. त्या रमजानला म्हणाल्या, "माझा नवरा गेला तेव्हाही ही माझ्या हातात होती, आणि तू ती छतावर पाठवलीस?" त्या तशाच जिने चढून वर गेल्या. रमजान मागे धावला.

वर जाऊन त्या काकांना म्हणाल्या, "काय शिजवताय भाईजान?"

काका म्हणाले, "बहीण, तुझ्या मुलाचं ऑपरेशन ज्या खोलीत झालं, तिची हवा इथून जाते. ही फुटली तर उन्हाळ्यात ती खोली बंद. दुसऱ्या कुणाच्या मुलाला दिल्लीला न्यावं लागेल."

त्या कांगड्यांवर वाकल्या आणि म्हणाल्या, "निखारे राखेखाली दाबून ठेवलेत तुम्ही. पुरुषांना कांगडी कधी कळली?" आणि खाली बसून कांगडीला बांधलेल्या चमच्याने राख बाजूला सारू लागल्या. नंतर त्या शेवटपर्यंत तिथेच होत्या. त्यांचाही जबाब घ्यावा. त्या आजही वॉर्डाबाहेर आहेत.

राख सारल्यामुळे ऊब वाढली आणि कोळशाचा वासही. तो वास हवेच्या मार्गाने खाली गेला. दीड वाजता खालची धोक्याची घंटा वाजली, परिचारिका धावल्या, त्यांनी दराबूंना फोन केला, तो त्यांनी उचलला. ते लग्नातून आले तेव्हा गच्चीवर तुटलेले कुलूप, अकरा कांगड्या, एक म्हातारी आणि एक म्हातारा असे दृश्य त्यांना दिसले. त्यांनी पोलिसांना बोलावले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोलावले असते. त्यांनी काकांना विचारले, "हकाकसाहेब, हे काय आहे?" काका म्हणाले, "माझी चूक झाली साहेब. गुरुवारी पाणी नीट काढलं नाही." दराबूंनी स्वतःच वाटणी केली होती, पण ती त्यांना आठवली नाही. कागद असता तर आठवली असती.

कागदाचे सांगतो. तो माझ्या सहीचा कागद दाराच्या चिमट्याला होता. काकांनी आत शिरल्या शिरल्या तो काढून फेरनच्या खिशात टाकला होता. गाडीत बसण्याआधी त्यांनी तो घडी करून रमजानच्या मुठीत दिला आणि म्हणाले, "निसारला दे. म्हणावं, कांगडीत टाक." रमजानने तो चार वाजता माझ्या घरी आणून दिला आणि वरचे सगळे सांगितले. जाताना तो म्हणाला, "वर पाणी निघालं ना, ते मी खाली ओतलं. सात बादल्या होत्या."

मी कागद फेरनच्या खिशात ठेवला. तेव्हाच या ठाण्यात यायला हवे होते. मी आलो नाही. मी स्वतःशी म्हणालो, काकांना काय होणार आहे, म्हातारे आहेत, आठ दिवसांत घरीच बसणार आहेत, साहेब लोक सोडून देतील. आणि माझे काय, मी जानेवारीत काकांच्या जागी लागणार, सोपोरला नवे सोयरे, इशरतला सासरी कुणी म्हणेल तुझ्या बापाने काय केले. असे सगळे विचार मी केले. ते इथे सांगायला मला लाज वाटते, पण केले ते केले.

आज सकाळी स्वयंपाकघरात मीठचहा पिताना मी तो कागद काढला. कांगडी पुढ्यात होती. माझी पत्नी महजबीन लवासा, म्हणजे आमची पातळ भाकरी, शेकत होती. तिला वाचता येते. तिने वाचले. एवढेच म्हणाली, "जाळायचा असेल तर बाहेर जाऊन जाळा. या विस्तवावर मी भाकरी शेकते." मग तिने वाडग्यातला परत आलेला हरीसा गरम केला, डब्यात भरला आणि डबा माझ्या हातात दिला. तो बाहेरच्या बाकावर आहे. ठाण्याच्या नियमात बसत असेल तर सुलतानकाकांना द्यावा.

तो कागद मी आज हजर करत आहे. त्यावर दि. १९ डिसेंबर, वेळ सकाळी ७.३५, कॉइल रिकामी केली, होय, आणि माझी सही आहे. सही माझीच आहे, दाखवली असता मी ओळखली.

इथे येण्याआधी मी आठ वाजता इस्पितळात गेलो. दराबूंना सगळे सांगितले आणि त्यांच्यासमोर कॉइल तपासली. शिडी लावून वर गेलो, स्क्रू पाहिला, उघडा होता. कॉम्प्रेसरने फुंकले, ओंजळभर पाणी आले. मग दोन्ही टोके बंद करून सहा किलोच्या दाबाने हवा भरली आणि तासभर काट्यासमोर बसलो. काटा हलला नाही. एकही नळी फाटलेली नाही. दराबूंनी काट्यावर बोटाने टिचकी मारून पाहिली. म्हणाले, "निसारसाब, मला हे कुणी सांगितलं नव्हतं." मी म्हणालो, "सांगणाऱ्याला तुम्ही तळघरात बसवलं होतं, आणि मी सोपोरला होतो." त्यांनी तक्रार मागे घेण्याबद्दल अर्ज लिहितो असे सांगितले आहे. लिहितील न लिहितील, तो त्यांचा प्रश्न आहे. माझे म्हणणे त्यावर अवलंबून नाही.

विचारल्यावरून सांगतो की, सुलतान हकाक यांनी माझा दोष स्वतःच्या अंगावर का घेतला असावा. मला सांगता येणार नाही. मी बाविसाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली आलो तेव्हा मला पानाही धरता येत नव्हता. वडील वारले त्या वर्षी ईदला त्यांनी माझ्यासाठी बूट आणले, आणि दुकानात चुकून लहान मापाचे मिळाले, माझ्या मुलाला होत नाहीत, असे सांगितले. त्यांना मुलगा नाही. हे मला दोन वर्षांनी कळले. याव्यतिरिक्त मला काही माहीत नाही.

विचारल्यावरून सांगतो की, ते खोटे बोलतात असा माझा पूर्वीचा अनुभव नाही, बुटांचा प्रसंग सोडून. कालचे खोटेही त्यांना नीट जमलेले नाही. गुरुवारी सकाळी सात वाजता ते तळघरात बॉयलरसमोर चार माणसांदेखत उभे होते. हजेरीवहीत आहे, ती तपासावी.

माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. सुलतानकाकांनी कुलूप तोडले त्याबद्दलही मला जबाबदार धरावे, कारण मी काम पुरे केले असते तर ते तोडावे लागले नसते. कांगड्या अकराच्या अकरा मालकांना परत मिळाल्या आहेत. जाना बेगम यांच्या कांगडीची एक काडी तुटली, ती मी करून देणार आहे.

जबाब इथवर आला असता ठाणेदारसाहेब आत आले. त्यांनी कागद पाहिला, बाहेर जाऊन सुलतानकाकांना तुम्ही घरी जाऊ शकता असे सांगितले आणि मला थांबायला सांगितले. मी थांबलो आहे. बराच वेळ झाला तरी काका गेले नाहीत. मुन्शीजींच्या परवानगीने मी दारापर्यंत गेलो. ते बाकावर बसून डब्यातला हरीसा खात होते. मी म्हणालो, "काका, तुम्हाला सोडलंय. उठा, घरी जा." त्यांनी वर न बघता बोटे चाटली आणि म्हणाले, "तुला एकट्याला सोडून गेलं की काय होतं, ते गुरुवारी बघितलं मी. तुझं आटपू दे." ते अजून तिथेच आहेत.

वरील मजकूर मुन्शीजींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने तो बाकावरही ऐकू गेला, आणि तिथून कुणी हरकत घेतली नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे, कुणाच्या दबावाखाली सांगितलेले नाही, खरे आहे म्हणून सही करतो.

सही: निसार अहमद गोजवारी
दि. २३ डिसेंबर, दुपारी १.१० वा.